चार घराण्यांच्या गाई: माणदेशातल्या एका खिल्लार कळपाची दहा वर्षं

प्रकरण कशाचं आहे

सातारा, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांच्या शिवा जिथं भिडतात त्या माणदेशी पट्ट्यातलं हे कुटुंब. चौथी पिढी खिल्लार या देशी जातीच्या गाई पाळते आहे. २०१४ ते २०२४ या काळात त्यांच्या कळपावर शर्यतबंदी, गोवंश कायदा, घरातली वाटणी, दुष्काळ आणि लम्पी हा गुरांचा त्वचारोग असं एकामागून एक येत गेलं. २२ गाईंचा कळप ११ वर आला, आज तो १६ वर आहे. मी या भागात जनावरांचा डॉक्टर आहे. यातले बरेचसे निर्णय त्यांच्या ओट्यावर बसून ऐकले, काहींत माझं मत विचारलं गेलं. गावाचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

खिल्लारबद्दल जे लिहिलं-बोललं जातं ते जवळपास सगळं बैलाचं असतं. कुठला खोंड (तरणा नर) किती लाखाला गेला, कुठल्या मैदानात कोण पहिला आला. पैदास करणाऱ्या घरात मात्र खरा निर्णय गाईचा असतो: कुठली ठेवायची, कुठली काढायची, कुठल्या वळूकडून फळवायची, म्हणजे गाभण करायची. हे निर्णय चुकले तर पाच-सहा वर्षांनी कळप मोडतो, आणि तेव्हा का मोडला हे कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून हे प्रकरण लिहून ठेवतो आहे.

पार्श्वभूमी

घराची जमीन १४ एकर, मूळची सगळी जिरायत. बाजरी, मटकी, हुलगा, पाऊस बरा झाला तर शाळू. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. अशा मुलखात पिकापेक्षा जनावर भरवशाचं, कारण पीक जागेवर वाळतं, जनावर चाऱ्याकडं नेता येतं.

या पट्ट्यातला आटपाडी महाल (तालुका) औंध संस्थानात होता, त्या काळापासून इथला बैल नावाजलेला. पणजोबांच्या वेळी चाळीसभर गाई, एक वळू, मोकळा माळ आणि दोन गुराखी असा कारभार होता. खोंड वर्ष-दीड वर्षाचा झाला की खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत न्यायचा. कृष्णाकाठचा शेतकरी तो घेऊन जायचा, औताला, मोटेला, गाडीला जुंपायचा. गाईचं दूध दिवसाला दोन-अडीच लिटर, त्यातलं निम्मं वासराचं, त्यामुळे दूध विकायचा प्रश्न नव्हता. पौषातली आणि चैत्रातली यात्रा, या दोन हंगामांवर घर चालायचं.

१९७२ च्या दुष्काळात आजोबांनी गाई कृष्णाकाठच्या पाहुण्यांकडे उसाच्या वाढ्यावर (हिरव्या शेंड्यांवर) नेऊन ठेवल्या. परत आल्या त्यांतल्या चौघींचीच वेल पुढं वाढली: हरणी, काजळी, पाखरी आणि चांदी. आजच्या दावणीतली प्रत्येक गाय या चौघींपैकी एकीच्या पोटची. आजी त्यांना ‘घराणी’ म्हणते. कुठली गाय कुणाची, तिची आई कितव्या वेताला अडली होती, कुणाच्या पोटचे खोंड चपळ निघतात, कुणाचे थंड, सगळं तिच्या तोंडपाठ. कागदावर मात्र एक ओळ नव्हती.

दिवस कसा जातो

घरात आजी आणि तिचे दोन मुलगे, थोरले आणि धाकटे. पहाटे पाचला थोरल्या सूनबाई, म्हणजे थोरल्यांची बायको, शेण काढायला घेतात. आजी वासरं सोडते. वासरानं आधी चोखायचं, गाय पान्हावली की दोन सड पिळायचे आणि दोन त्याला ठेवायचे, मग वासरू पुन्हा दाव्याला. ही वाटणी या घरात कुणी मोडत नाही, कारण पहिल्या सहा महिन्यांत दुधाला मुकलेला खोंड पुढं कितीही खुराक घातला तरी भरत नाही.

नऊच्या सुमारास गाई माळाला लागतात. पूर्वी गायरान आणि शेजाऱ्यांची पड रानं मिळून दिवसभराची फिरती होती. पवन्या, मारवेल, कुसळी, बांधावरची हरळी, उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं तसं पडीक रानात डाळिंब उभं राहिलं आणि तारेची कुंपणं आली. पाणी आल्याचा आनंद या घरालाही आहे, त्यांचीही तीन एकर त्यामुळे भिजली. पण गाईंची फिरती निम्म्यावर आली. मागं जाणाऱ्या माणसाचं अर्धं लक्ष आता गाई कुणाच्या बागेत शिरत नाहीत ना, यावर असतं.

संध्याकाळी गाई परतल्या की दावणीत प्रत्येकीची जागा ठरलेली. म्हातारी दाराशी, पहिलारू (पहिल्या वेताची) आतल्या बाजूला, व्यायला झालेली अगदी कोपऱ्यात, आजीच्या खाटेवरून दिसेल अशी. गाईंना कडबा. खोंडांची बडदास्त वेगळी: भिजवलेला हुलगा, मटकीचं भरड, शेंगपेंड, आणि यात्रेला काढायचा असेल त्याला कणकेचे गोळे. शिंगं साळायचं काम धाकट्यांकडं. काचेच्या तुकड्यानं शिंगावरचा खरखरीत थर ते इतक्या हलक्या हातानं काढतात की खोंड डोळे मिटून उभा राहतो. वरून तेलाचा हात.

नवं वासरू झालं की आजी आधी त्याचा माथा बघते. खिल्लारच्या वासराच्या माथ्यावर जन्मताना तांबूस केस असतात, दोन-तीन महिन्यांत ते जातात. तो तांबूसपणा दिसला नाही तर तिचा पहिला सवाल, “कुणाकडनं फळली व्हती ही?” माळावर भलत्याच वळूनं गाय धरली असेल तर तिला तिथंच संशय येतो.

अडचण

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी कायम केली. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात गाईसोबत बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. या दोन्हींच्या बाजूनं किंवा विरोधात बोलायची ही जागा नाही. पैदास करणाऱ्याचा हिशेब काय झाला, तेवढं सांगतो.

खोंडाला भाव यायचा तो दोन कारणांनी. एक, तो पळाऊ निघाला तर शर्यतवाला चढा पैसा मोजायचा. दोन, साधा शेतकरी बैलजोडी घेताना मनात धरायचा की आठ-दहा वर्षं काम करून उतारवयात हे बैल विकले तर नव्या जोडीला थोडी भर पडेल. एका वर्षाच्या आत दोन्ही कारणं गेली. शर्यतवाला थांबला. शेतकऱ्याला म्हातारा बैल मरेपर्यंत सांभाळायचा खर्च दिसायला लागला, आणि भाड्यानं ट्रॅक्टर लावणं त्याला परवडायला लागलं. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनं जनावरांचा रोखीचा बाजार आणखी बसला.

पहिला निर्णय: नऊ खोंड

शर्यतबंदीनंतर दावणीला ९ खोंड होते, तीन दुसे (दोन पक्के दात आलेले) आणि बाकी आदत (अजून दुधाच्या दातांवरचे). ज्या खोंडाला आदल्या वर्षी लाखाच्या आसपास मागणी होती, त्याला पौषी यात्रेत कोणी तीस हजारांवर बोलेना. हेडे, म्हणजे जनावरांचे दलाल, भाव ठरवायला रुमालाखाली बोटं धरायचे आणि मध्येच हात सोडून पुढच्या दावणीकडं निघून जायचे.

घरात तीन मतं झाली. थोरल्यांचं म्हणणं, बंदी उठेल, थांबू. धाकट्यांचं म्हणणं, मिळेल त्या भावानं सगळे काढू आणि चारा वाचवू. आजीचे भाऊ, म्हणजे या दोघांचे मामा, त्यांनी तिसरी वाट सांगितली: खोंड खच्ची करून औताला शिकवायचे आणि दसऱ्याच्या आधी ऊस वाहतुकीच्या गाडीवानांना द्यायचे. कारखाने सुरू व्हायच्या तोंडावर त्यांना बैल लागतातच.

थांबायचा खर्च आम्ही मांडून पाहिला. एका खोंडाचा चारा-खुराक तेव्हा दिवसाला शंभर रुपयांच्या घरात जात होता. वर्षभर थांबलं तर त्याला येणाऱ्या किमतीपेक्षा जास्त पैसा त्याच्याच पोटात जाणार. थोरल्यांना हे पटायला वेळ लागला, पण पटलं. मी एवढंच सुचवलं की खच्ची करायचा चिमटा लावला की माघार नाही, तेव्हा आधी खच्ची न करायचे कोणते ते ठरवा, आणि ते खोंडाकडं बघून नाही, त्याच्या आईकडं बघून ठरवा. आजीनं हरणीच्या घराण्यातला एक आणि पाखरीच्या घराण्यातला एक असे दोन बाजूला काढले. पाच खच्ची केले, दोन आदत कवडीमोलानं गेले.

शिकवलेल्या चार बैलांच्या दोन जोड्या गाडीवानांनी घेतल्या, खर्च जाऊन हातात थोडं उरलं. पाचवा घरच्या औताला राहिला. पाखरीच्या खोंडाला थोरल्यांनी २०१७ मध्ये काढलं. राज्यानं शर्यतींसाठी कायदा केला होता, शर्यती सुरू होणार अशी हवा झाली होती, तेवढ्या चढत्या भावात. उच्च न्यायालयानं ते अडवल्यावर भाव पुन्हा बसला. हरणीचा खोंड घरचा वळू झाला. या वळूचं पुढं काय झालं ते नंतर येईलच, कारण या प्रकरणातली सगळ्यात महाग चूक त्याच्यापाशी आहे.

दुसरा निर्णय: वाटणी

२०१७ मध्ये धाकट्यांनी विषय काढला. त्यांच्या दोन मुली तालुक्याच्या शाळेत जात होत्या. “दादा, यात्रेची वाट बघत फी भरता येत न्हाई,” असं ते सरळ म्हणाले. त्यांना संकरित गाई घ्यायच्या होत्या. दर दहा दिवसांनी दुधाचं बिल हातात पडतं.

सगळा खिल्लार कळप विकून गोठा संकरित करणं, ही एक वाट. गाई अकरा-अकरा वाटून घेणं, ही दुसरी. वाटून घेतल्या असत्या तर धाकट्यांनी आपल्या अकरा विकल्या असत्या, हे त्यांनी लपवलं नाही. आणि चार घराण्यांतली दोन त्याच बाजारात संपली असती. आजीनं त्या दिवशी पहिल्यांदा आवाज चढवला: “गाई वाटायच्या न्हाईत. ज्याला पायजेत त्यानं सांभाळाव्यात, दुसऱ्यानं खोंडात हिस्सा घ्यावा.”

तसंच ठरलं. गाई थोरल्यांकडं एकत्र, खोंडाच्या विक्रीतला तिसरा हिस्सा धाकट्यांचा, आणि पाणी लागलेली तीन एकर त्यांच्या मक्याला आणि हत्ती गवताला. पण चराई निम्म्यावर आलेली, त्यात २२ गाई जगणार नव्हत्याच. ८ काढायच्या होत्या. कुठल्या?

बहुतेक घरांत अशा वेळी म्हाताऱ्या आणि दिसायला उण्या गाई जातात. इथं आम्ही नियम असा धरला की प्रत्येक घराण्यात किमान तीन गाई राहिल्या पाहिजेत, एक पोक्त, एक भर वयाची आणि एक कालवड. खरा वाद चांदीच्या घराण्यावरून झाला. त्या गाईंचे खोंड थंड, शिंगं आखूड, यात्रेत त्यांना कुणी विचारत नाही. थोरल्यांना ते घराणंच बंद करायचं होतं. आजीचं उत्तर होतं की वाईट सालात चांदीच्या गाई अंगानं उतरत नाहीत आणि वासराला दूध कमी पडू देत नाहीत. तीन गाई राहिल्या.

विकलेल्या ८ पैकी ४ बाजारात नेल्याच नाहीत. शेजारच्या तालुक्यातल्या मेहुण्यांना दिल्या, ते स्वतः पैदास करतात. भाव थोडा कमी घेतला. थोरल्यांना तेव्हा तो तोटा वाटला होता.

धाकट्यांच्या चार संकरित गाई आल्या, बिलं सुरू झाली. वर्षभरात दुधाचे दर इतके पडले की जुलै २०१८ मध्ये राज्यभर दूध आंदोलन झालं. तरी मुलींच्या फिया त्याच दुधावर भरल्या गेल्या, आणि धाकट्यांचा निर्णय त्यांच्या जागी बरोबर होता असंच मला आजही वाटतं.

तिसरा निर्णय: छावणी की घर

२०१८ चा पाऊस गेला. २०१९ च्या सुरुवातीला चारा छावण्या उघडल्या. घरात १४ गाई आणि दोन महिन्यांचा कडबा.

मोकळ्या फिरणाऱ्या गाई महिनोन् महिने छावणीत बांधून ठेवायच्या म्हणजे शेकडो परकी जनावरं शेजारी, म्हणजे लाळ-खुरकतीची भीती, आणि खायला मुख्यतः ऊस नाहीतर उसाचं वाढं. वाढ्यातल्या ऑक्झलेटमुळे जनावराच्या अंगातलं कॅल्शियम कमी होतं, गाभण गाईला ते जास्त बाधतं. घरी ठेवायच्या तर कडबा विकत आणायचा, आणि त्याचे दर रोज चढत होते. सगळ्या विकायच्या तर दुष्काळात गाय घेणार कोण?

गाभण आणि लेकुरवाळ्या मिळून ८ गाई लसीकरण करून छावणीला, भाकड ६ घरी, असं ठरलं. थोरल्या सूनबाई पावसापर्यंत छावणीतच राहिल्या. रोज रात्री चुना भिजत घालायचा आणि सकाळची वरची निवळी वाढ्यावर शिंपडायची, हे काम त्यांनी एक दिवस चुकवलं नाही. पहिल्या आठवड्यात गाईंनी दावी तोडली, एकीनं खुंटा उपटून घराकडची वाट धरली. नंतर सरावल्या. त्या आठपैकी एकही गेली नाही. घरी राहिलेल्यांतली एक म्हातारी गेली आणि दोन गाई कडब्याच्या पैशासाठी विकाव्या लागल्या. कळप ११ वर आला.

दुष्काळाचं नुकसान त्या वर्षी पूर्ण दिसत नाही. अंग उतरलेल्या गाई माजावरच येत नाहीत. २०२० मध्ये घरात फक्त तीन वासरं झाली, त्यातली दोन चांदीच्या घराण्यातल्या गाईंची. तिसरा काजळीच्या घराण्यातला खोंड. त्याच वर्षी कोरोनात यात्राही बंद झाल्या.

चौथा निर्णय: लम्पी

१६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि महिनाभरात खोंडांना मागणी परतली. तोच ऑगस्ट २०२२ पासून राज्यात लम्पी पसरला. बाजार बंद, शर्यती बंद.

शेळ्यांच्या देवीची लस तेव्हा गाईंना दिली जात होती. गावातला पहिला दिवस दूध संकलनाजवळ ठेवला होता, धाकट्यांच्या संकरित गाईंना तिथंच लस मिळाली. थोरल्यांच्या गाई माळावर होत्या, त्यांना मिळायला आणखी काही दिवस गेले. त्या मधल्या दिवसांत दोन वासरं आणि वळू आजारी पडले. दोन्ही वासरं गेली. पहिलं रात्रीच पुरलं, पंचनामा झाला नाही, त्यामुळे सोळा हजारांची मदत मिळाली नाही. दुसऱ्याच्या वेळी मी सकाळपर्यंत थांबायला लावलं आणि कागद झाले. वळू वाचला, पण लम्पीत अंडकोष सुजले की वळूची फळवायची ताकद बराच काळ, कधी कायमची, कमी होते. त्याचं तेच झालं.

पाचवा निर्णय: काजळीचा खोंड

१८ मे २०२३ ला घटनापीठानं शर्यतींचा कायदा वैध ठरवला. काजळीचा तो खोंड आता दुसा झाला होता. लांबट मान, बारीक चामडी, डोळ्याभोवती काळी कड, आणि सुटला की नजर ठरत नव्हती. त्याला साडेचार लाखांची मागणी आली. या घरात इतका पैसा एका जनावराला कधी मिळाला नव्हता.

आणि सहा वर्षांपूर्वीची तोंडी वाटणी उभी राहिली. धाकटे म्हणाले, तिसरा हिस्सा. थोरले म्हणाले, तीन वर्षं खुराक मी घातला, छावणीत माझी बायको राहिली, त्याचं काय? दोघांचंही खरं होतं, कारण खर्च कुणी सोसायचा हे २०१७ मध्ये बोललंच गेलं नव्हतं. दोन महिने भाऊ एकमेकांशी नीट बोलत नव्हते. मामांनी दोघांना बसवलं. आधी खुराकाचा खर्च वजा करायचा, मग तीन हिस्से, असं ठरलं, आणि या वेळी स्टॅम्पपेपरवर सह्या झाल्या.

या भांडणात पैदाशीचा प्रश्न मागं पडला. घरचा वळू लम्पीनं खचलेला. त्याहून वाईट म्हणजे २०१६ पासून तोच चालला होता आणि वयात आलेल्या कालवडींत बऱ्याच त्याच्याच पोरी होत्या. काजळीचा खोंडही त्याचाच, पण चपळाई आणि अंगकाठी आईच्या बाजूची. तो ठेवावा, लगेच विकावा, की एक हंगाम निवडक गाई फळवून मग विकावा? घेणारा थांबायला तयार नव्हता. पाच-सहा गाई फळवायलाही त्याची ना होती, गाई फळवल्या की खोंड ‘उतरतो’, त्याचा दम कमी होतो, असा शर्यतवाल्यांचा समज आहे. थोरल्यांनी विसार (आगाऊ रक्कम) घेतला आणि आठवड्यात खोंड गेला.

त्या पैशातून गोठ्यावर नवं छत आलं, बोअर खोल झाली, धाकट्यांच्या थोरल्या मुलीचा नर्सिंगचा प्रवेश झाला. कळपाला मात्र वर्षभर कामाचा वळू नव्हता. मी कृत्रिम रेतनासाठी खिल्लारच्या गोठवलेल्या रेतमात्रा वापरून पाहिल्या. गाय दिवसभर माळावर असली की माज नेमका कधी आला ते कळत नाही, आणि खिल्लारचा माज मुळात दबका. ६ गाईंपैकी दोन गाभण राहिल्या.

आज काय स्थिती आहे

वाट निघाली ती मेहुण्यांकडून. २०१७ मध्ये त्यांना दिलेल्या ४ गाईंतल्या पाखरीच्या एका गाईला त्यांनी बाहेरच्या वळूकडून फळवलं होतं. त्यातला खोंड २०२४ मध्ये एका कालवडीच्या बदल्यात या घरी वळू म्हणून आला. घराणं घरचं, बापाचं रक्त बाहेरचं. २०१७ मध्ये चार गाईंमागं सोडलेले ते थोडे पैसे घरानं केलेली सगळ्यात चांगली गुंतवणूक ठरली, असं आता थोरले स्वतः सांगतात.

मेहुण्यांनी ३ गाईही परत दिल्या, दोन कालवडी वाढल्या आणि कळप १६ वर आला. चारही घराणी शाबूत आहेत. चांदीचं सगळ्यात भरलेलं.

३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारनं देशी गाईला राज्यमाता-गोमाता घोषित केलं आणि गोशाळांतल्या देशी गाईंसाठी दिवसाला ५० रुपयांचं अनुदान ठरवलं. ते गोशाळांना आहे. चार पिढ्या पैदास करणाऱ्या घराला त्यातलं काही मिळत नाही. भाकड गाय गोशाळेत गेल्यावर तिला मदत, आणि त्याच गाईला घरात राखून दुष्काळातून काढणाऱ्या सूनबाईंना काहीच नाही, हे मला मनापासून खटकतं. जात टिकवायची असेल तर मदत वासरू जन्माला येतं त्या दावणीपर्यंत पोहोचली पाहिजे.

वेगळं काय करता आलं असतं

वळूचं पहिलं. खिल्लार कालवड अडीच-तीन वर्षांनी माजावर येते, म्हणजे वळू आल्यापासून साधारण चार वर्षांच्या आत, त्याच्या पहिल्या पोरी वयात यायच्या आधी तो बदलायला हवा. इथं तो सात वर्षं राहिला. दुष्काळ, कोरोना, बंद यात्रा ही कारणं खरी आहेत, पण मेहुण्यांशी अदलाबदल २०२० मध्येही होऊ शकली असती. त्यासाठी यात्रा लागत नव्हती.

काजळीच्या खोंडाच्या बाबतीत मला आजही वाटतं की मागणी यायच्या आधीच, २०२३ च्या सुरुवातीला, त्याच्याकडून पाखरीच्या आणि चांदीच्या चार-पाच गाई फळवून घ्यायला हव्या होत्या. बापाकडून नात्यातलं रक्त थोडं मिसळलं असतं, तरी त्याच्या आईकडची चपळाई कळपात उतरली असती. आज ती फक्त एका विकलेल्या जनावरात आहे.

२०१७ ची वाटणी शहाणपणाची होती, पण तीत विक्रीचं बोलणं झालं, खर्चाचं नाही. ज्या घरात जनावर एकत्र आणि चूल वेगळी, तिथं चारा, औषध आणि राबणूक कुणाच्या खात्यावर, हे त्याच दिवशी लिहावं. सूनबाईंचे छावणीतले महिने मामांच्या हिशेबातही आले नाहीत. तो हिशेब अजून बाकी आहे आणि त्यांनी तो माझ्याजवळ बोलून दाखवला आहे.

आजीचं वय आता पंच्याऐंशीच्या पुढं. नातवानं गेल्या उन्हाळ्यात रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसून प्रत्येक गाईची आई, आजी, वेतं आणि खोंड वहीत उतरवून घेतले आणि कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर समोर लिहिला. दोन गाईंबद्दल तिची आठवण आणि थोरल्यांची आठवण जुळली नाही, तिथं त्यानं दोन्ही लिहून ठेवलं आहे. हे दहा वर्षांपूर्वी झालं असतं तर वळूच्या पोरी किती झाल्या ते २०२० मध्येच वहीत दिसलं असतं.

नव्या वळूच्या पहिल्या पोरी २०२८ मध्ये वयात येतील. नातवाच्या मते त्याची बदली २०२७ मध्येच ठरवायची आणि तोवर त्याचा एकही खोंड विसारावर द्यायचा नाही. थोरल्यांना दुसरी अट मान्य नाही, एका आदत खोंडाची विचारणा आत्ताच सुरू झाली आहे. धाकटे या वेळी पुतण्याच्या बाजूनं आहेत. खरसुंडीच्या पौषी यात्रेआधी यावर बसायचं ठरलं आहे, मलाही बोलावलं आहे.